तीस, पंचेचाळीस, साठ

कीबोर्डवरचे हात उचला. मांडीवर ठेवा.

समोर स्क्रीन आहे. तिच्यावर एक काम होता होता थांबलं आहे.

दोन ब्रांच एकत्र करायच्या होत्या. गिटनं बरंचसं स्वतःच उरकलं. मग एका फाइलपाशी येऊन सांगितलं, की इथे मर्ज कॉन्फ्लिक्ट आहे, इथलं तुम्ही बघा.

एवढं सांगून ते गप्प झालं.

कर्सर लुकलुकतोय. लुकलुकू द्या.

काही मोडलेलं नाही. काही हरवलेलं नाही. तुमचं काम जागेवर आहे, दुसऱ्याचंही जागेवर आहे. पुढचं पाऊल तेवढं पडायचं राहिलं आहे.

एक श्वास आत.

सावकाश बाहेर.

ज्यांनी हे काम कधी केलं नाही, त्यांनीही इथे बसावं. माहीत असावं लागतं ते थोडंच. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी मजकुराच्या फाइली. शब्दकोशाच्या नोंदी, पावसाच्या आकड्यांचा तक्ता, गाड्यांचं वेळापत्रक, हेही तसंच ठेवता येतं. चार माणसं चार ठिकाणी त्याच फाइलींच्या प्रती घेऊन बसतात, आपापले बदल करतात. गिट त्या प्रत्येक टप्प्याची नोंद, म्हणजे कमिट, ठेवतं; अशा नोंदींची एकेक साखळी म्हणजे ब्रांच. मग सगळ्यांचे बदल ते एकमेकांत मिसळून देतं, तो मर्ज. बहुतेक वेळा कुणाला पत्ताही लागत नाही.

आज लागला आहे.

फाइल उघडा. ओळी हळूहळू खाली सरकवा.

इथे थांबा.

डावीकडे टोक केलेले सात कोन, एकाला एक चिकटून. त्यांच्याखाली एक ओळ. मग बरोबरची सात चिन्हं, आडवी. त्यांच्याखाली दुसरी ओळ. मग उजवीकडे टोक केलेले सात कोन.

ओळी अजून वाचू नका. नुसता आकार बघा.

सात. ओळ. सात. ओळ. सात.

ह्या खुणा गिटनं तुमच्या फाइलीतच लिहिल्या आहेत. वेगळी खिडकी नाही, धोक्याची घंटा नाही. जिथे त्याला ठरवता आलं नाही, नेमक्या त्या जागी त्यानं दोन्ही ओळी खाली-वर ठेवल्या, मधे रेघ ओढली, आणि ते बाजूला झालं.

पुन्हा एकदा बघा.

आता वाचा.

वरची ओळ: वाट पाहण्याची मुदत, ४५ सेकंद.

खालची ओळ: वाट पाहण्याची मुदत, ६० सेकंद.

साधीच ओळ आहे. हा प्रोग्रॅम दूरच्या एका मशीनला काहीतरी विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. किती वेळ बघायची, मग नाद सोडायचा, एवढंच ह्या ओळीत ठरतं.

वरची ओळ तुमची आहे.

खालची दुसऱ्या कुणाची.

आत काय हललं, ते बघा. ‘माझी ओळ बरोबर’ असं काही चटकन वर आलं असेल. किंवा उलट, ‘जाऊ दे, त्यांचंच घेऊ.’ दोन्ही येतात. येऊ द्या. हात मांडीवरच असू द्या.

पंचेचाळीस.

साठ.

श्वास आत. श्वास बाहेर.

खालची ओळ ज्यानं लिहिली, त्याला तुमची ओळ दिसत नव्हती. तुम्हाला त्याची दिसत नव्हती. भांडण होण्यासाठी समोरासमोर यावं लागतं. इथे कुणी समोर आलंच नव्हतं.

प्रत्येक कमिटच्या पोटात वेळ लिहिलेली असते. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद उलटले तो आकडा, आणि त्याच्या शेजारी तिथलं घड्याळ किती पुढे किंवा मागे आहे ते. पुण्यात, नागपुरात, मडगावात केलेल्या कमिटपुढे अधिक ०५३० असतं. तुमच्यापुढे तेच आहे.

खालच्या ओळीच्या कमिटपुढे उणे ०७०० आहे.

म्हणजे तुम्ही रात्री साडेनऊला ती ओळ बदलत असाल, तर तिकडे सकाळचे नऊ. तुमच्या ताटल्या घासून झाल्या असतील. तिकडे चहा व्हायचा असेल.

ती सकाळ डोळ्यांसमोर आणा.

आणि तुमची रात्र.

दोन्ही एकाच वेळी.

आधी कोण? हा प्रश्न मनात येतोच. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये वेळ आणि घड्याळांवरच्या एका शोधनिबंधात ह्या प्रश्नाकडे शांतपणे पाहिलं. एका घटनेची वार्ता दुसरीपर्यंत पोचूच शकली नसेल, तर त्या दोघींत आधी कोण आणि नंतर कोण असं काही उरत नाही. त्या नुसत्या असतात. शेजारी शेजारी.

गिटही दोन बदल मिसळताना कुणाचं घड्याळ पुढे होतं ते विचारात घेत नाही. कोण कुठून निघालं, एवढंच बघतं.

तेव्हा ‘आधी कोण’ हा प्रश्न खाली ठेवा.

ठेवला?

बसा असेच क्षणभर.

पूर्वी अशी वेळच येऊ देत नसत. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं. बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनांच्या घराण्यातलं ते पहिलं म्हणतात. पुढे पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस केलं. त्यांची रीत सोपी होती. फाइल बदलायची तर आधी तिला कुलूप लावायचं. तुमचं होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. सुरक्षित होतं ते. आणि कुलूप लावून कुणी सुट्टीवर गेलं, की सगळेच बसून.

मग ॲमस्टरडॅममधल्या व्रिये विद्यापीठात तीन माणसं एका सी कंपायलरवर काम करत होती. डिक ग्रून आणि त्यांचे दोन विद्यार्थी, जुलै १९८४ ते ऑगस्ट १९८५. एक विद्यार्थी नऊ ते पाच, अगदी नेमाचा. दुसऱ्याच्या वेळेला काही नेम नाही. आणि खुद्द ग्रून यांना सवड मिळे ती संध्याकाळीच.

तिघांची तीन घड्याळं.

कुलूप लावून चालणार नव्हतं. म्हणून ग्रून यांनी असं काहीतरी रचलं, की प्रत्येकानं आपल्या प्रतीत आपल्या वेळी बदल करावा आणि मागाहून सगळं मिसळावं. त्यातूनच सीव्हीएस निघालं. १९८६ मध्ये त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं केलं.

कुलूप गेलं. त्या जागी आल्या ह्या खुणा.

मला हा सौदा बरा वाटतो. कुलपात दुसऱ्याची ओळ जन्मालाच येत नाही. इथे ती येते, आणि तुमच्यासमोर येऊन उभी राहते.

बघा तिच्याकडे.

साठ.

गिट स्वतः फार घाईत जन्मलं. लिनक्सचं कर्नल लिहिणाऱ्यांना बिटकीपर नावाचं साधन फुकट वापरायला मिळत होतं. २००५ च्या एप्रिलमध्ये ते मिळेनासं झालं. लिनस टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला नवं साधन लिहायला घेतलं. ७ एप्रिलला ते आपली स्वतःचीच नोंद ठेवू लागलं होतं. जुलैअखेर त्यांनी ते जुनिओ हमानो यांच्या हाती दिलं, आणि तेव्हापासून तेच ते सांभाळत आले आहेत. लिनक्सच्या इतिहासात एका मर्जला ६६ पालक आहेत. सहासष्ट ब्रांच एकाच जागी येऊन मिळाल्या, आणि त्यावर टोरवाल्ड्स यांनीही भुवया उंचावल्या.

तुमच्या समोर दोनच आहेत.

दोनच. पुरेत.

श्वास आत.

बाहेर.

आता एक गोष्ट. गिटला एक तिसरी ओळ माहीत आहे. ती त्यानं तुम्हाला अजून दाखवलेली नाही.

तुमची प्रत आणि तिकडची प्रत, दोन्ही कुठून तरी निघाल्या होत्या. कधीतरी, काही दिवसांपूर्वी, फाइल एकच होती. ते ठिकाण गिट शोधून काढतं. दोन्ही ब्रांचच्या कमिटांवरून मागे मागे चालत जातं, जिथे दोघांचा पूर्वज एक होतो तिथपर्यंत. मग तिथली ओळ समोर ठेवून बाकीच्या दोन बघतं.

एकानं बदललं आणि दुसऱ्यानं तसंच ठेवलं, तर बदल घ्यायचा. दोघांनी एकसारखंच बदललं, तर तेच घ्यायचं. दोघांनी वेगवेगळं बदललं, तर थांबायचं.

शिकवायला दोन मिनिटं लागावीत एवढीच ही बुद्धी. पण ती सगळी त्या जुन्या ओळीवर उभी आहे. आणि नेमकी तीच, नेहमीच्या मांडणीत, तुमच्यापासून झाकलेली राहते. का कोण जाणे, पण अनेक जण वर्षानुवर्षं तिच्याशिवायच निवाडे करतात.

मागून घ्या ती.

डिफ३ नावाची मांडणी आहे. २०२२ च्या जानेवारीत तिचीच जरा आटोपशीर आवृत्ती आली, झेडडिफ३. सेटिंग एकदाच बदलायचं असतं. किंवा आत्ता, ह्या एकाच फाइलीपुरता, गिटला कॉन्फ्लिक्ट त्या शैलीत पुन्हा मांडायला सांगा.

हात उचला. सांगा. हात परत मांडीवर.

आता बघा.

सात कोन.

पंचेचाळीस.

सात उभ्या रेघा.

तीस.

बरोबरची सात चिन्हं.

साठ.

सात कोन.

तीसपाशी थांबा.

वाट पाहण्याची मुदत, ३० सेकंद. ही ओळ ना तुमची, ना तिकडची. दोघांच्या आधीची.

तीसकडून वर बघा. पंचेचाळीस.

तीसकडून खाली बघा. साठ.

पुन्हा. सावकाश. तीसकडून वर. तीसकडून खाली.

मघाशी दोन आकडे एकमेकांसमोर उभे होते. आता दोघंही एकाच घरातून निघून एकाच बाजूला चाललेले दिसतात. एक थोडा पुढे गेला, एक आणखी थोडा. तुम्हाला तीस कमी वाटले. तिकडेही तीस कमीच वाटले. तुम्ही रात्री, तिकडे सकाळी. एकमेकांना न विचारता.

दोघांनी एकच म्हटलं: अजून थोडी वाट बघू.

ह्या जागी जितका वेळ राहता येईल तितका राहा.

तीस.

तीस.

तीस.

नेहमीच असं निघेल, असं नाही. कधी एकानं तीसचे वीस केलेले असतात आणि दुसऱ्यानं साठ. तेव्हा दिशा खरोखरच दोन असतात, आणि मग बोलावं लागतं. पण तेही तीस पाहिल्याशिवाय कळत नाही. वीस आणि साठ, पंचेचाळीस आणि साठ. नुसत्या दोन आकड्यांच्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नसतं.

श्वास.

मनात आता एक तडजोड तयार होत असेल. दोघांच्या मधला आकडा. साडेबावन्न.

बघा त्या साडेबावन्नकडे. तो कुणीच सुचवलेला नव्हता. कुणीच चालवून पाहिलेला नाही. दोघांनाही न दुखवणारा, आणि कुणाच्याच कामाचा नाही. त्याला जाऊ द्या.

आता ऐकायचं आहे.

दोन्ही कमिटांचे संदेश उघडा. आधी तुमचा. ‘मुदत वाढवली.’ बस. काय केलं ते आहे, का ते नाही. का, ते आत कुठेतरी असेल. खोदू नका, आपोआप वर येतं का बघा. बहुधा हेच, की तीसमध्ये काम अर्धवट तुटत होतं आणि पंचेचाळीसमध्ये तुटेनासं झालं.

आता तिकडचा. तो जरा लांब आहे. सावकाश वाचा. ‘वर्षाचा पूर्ण अहवाल मागितला, की उत्तराला पंचावन्न सेकंदांपर्यंत लागतात. तीसमध्ये दर वेळी तुटतं. म्हणून साठ.’

पंचावन्न.

हा आकडा फाइलीत कुठेच नव्हता. एका माणसानं घड्याळ लावून मोजला होता आणि दुसऱ्या माणसासाठी लिहून ठेवला होता. तो दुसरा माणूस तुम्ही.

वाचा पुन्हा.

तुमचे पंचेचाळीस छोट्या अहवालांना पुरले. मोठ्यांना पुरत नाहीत. साठ दोघांनाही पुरतात. कुणी जिंकलं, असं काही झालं नाही. आतली ती ‘माझी ओळ’ आता कुठे आहे, बघा. आहे का अजून? असली तरी चालेल.

आणि ज्यांना आज ठरवायचं नाही, त्यांच्यासाठी: मर्ज रद्द करता येतो. एक आज्ञा दिली, की फाइल खुणांच्या आधी होती तशी होते, जणू काही सुरूच केलं नव्हतं.  थकलेल्या रात्री ती हाताशी असू द्यावी.

सगळी साधनं अशी थांबत नाहीत, हेही बघून घेऊ.

एकच टिपण फोनवर बदललं आणि घरच्या संगणकावरही बदललं, तर काही साधनं सरळ ठरवतात, की जे शेवटी आलं ते खरं. दुसरं गुपचूप जातं. कुणाला विचारत नाही, कुणाला सांगत नाही. अमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ च्या डायनॅमोवरच्या निबंधात उलट वाट सांगितली: खरेदीच्या टोपलीच्या दोन प्रती झाल्या तर दोन्हींतलं सगळं घ्यायचं. टाकलेलं काही हरवत नाही. पण काढून टाकलेली वस्तू कधी कधी टोपलीत परत दिसते. २०११ मध्ये मार्क शपिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीआरडीटी नावाच्या रचना मांडल्या. बदल कोणत्याही क्रमानं पोचू देत, सगळ्या प्रती शेवटी सारख्याच होणार. तिथे थांबणं नाहीच. एकाच पानावर अनेकांनी एकदम लिहायचं असेल, तर हे फार सुंदर चालतं.

पण प्रती सारख्या होणं वेगळं आणि म्हणणं जुळणं वेगळं. मला ते थांबणारं साधनच जवळचं वाटतं.

परत या. तीस, पंचेचाळीस, साठ.

खुणा अजून तिथेच आहेत. राहू द्या थोडा वेळ. त्यांच्याशेजारी बसून आणखी एक गोष्ट बघायची आहे, आणि ती जरा अवघड आहे. ती आहे, जिथे खुणा नाहीत तिथे.

ह्याच मर्जमध्ये आणखीही फाइली आल्या आहेत. त्या विनातक्रार मिसळल्या. गिटनं त्यांचा उल्लेखही केला नाही. त्यांतली एक उघडा. दारावरच्या सर्व्हरचं, म्हणजे ज्याच्यातून ती उत्तरं येतात त्याचं, सेटिंग. कुणा तिसऱ्यानंच त्यात एक ओळ घातली आहे: ५० सेकंदांत उत्तर आलं नाही, तर जोडणी तोडायची.

पन्नास.

इथे कोन नाहीत, रेघा नाहीत. ही ओळ एकानंच लिहिली, म्हणून नियमाप्रमाणे सरळ घेतली गेली. इकडे तुम्ही साठ सेकंद वाट बघणार. तिकडे दार पन्नासाव्या सेकंदालाच बंद होणार. पंचावन्नाव्या सेकंदाचं उत्तर बाहेरच राहणार.

सासूनं आमटीत मीठ घातलं, सुनेनंही घातलं. दोघींचा हात बरोबर होता.

गिटला ओळी दिसतात. ओळींचा एकमेकींशी असलेला संबंध दिसत नाही. तो दिसतो असा दावाही त्यानं कधी केलेला नाही. जिथे ते गप्प राहिलं, तिथे सगळं जुळलं असं आपणच धरून चालतो.

तेव्हा आता ऐका, ते जिथे गप्प राहिलं तिथे.

एकेक फाइल. सावकाश. इथे कुणी काय म्हटलं आहे? आणि ते तुमच्या साठला माहीत आहे का?

घाई नको.

कधी ह्याच्या अगदी उलट होतं. खुणा असतात, आणि दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या दिसतात. अक्षर न् अक्षर तेच. मग डोळे आणखी जवळ न्यावे लागतात. एका ओळीच्या शेवटी कुणाला न दिसणारी मोकळी जागा असते. किंवा एक फाइल विंडोजवर जतन झालेली असते आणि तिच्या ओळी दोन चिन्हांनी संपतात, दुसरीच्या एका. मराठीत तर आणखी एक गंमत आहे. ‘ॲप’मधला ॲ. २००८ पासून युनिकोडमध्ये तो एकच अक्षर म्हणून आहे. पण ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र ठेवूनही तो काढता येतो, आणि काही ठिकाणी दोन्ही जुळे दिसतात. तुमच्यासाठी एक शब्द. गिटसाठी वेगवेगळे बाइट, म्हणून वेगवेगळ्या ओळी. अशा वेळी चिडू नये. त्याला जे दिसतं ते ते सांगतं आहे.

श्वास आत.

बाहेर.

आता हात उचलायला हरकत नाही.

पन्नास ज्यानं लिहिले, त्याला आधी विचारा. एक छोटा निरोप. पन्नास का? उत्तर येईपर्यंत वाट बघा. इथे मुदत कुणी घातलेली नाही.

उत्तर येतं. खास कारण नव्हतं, मोठ्या अहवालांचं त्याला माहीत नव्हतं, सत्तर केले तरी चालतील.

ठीक.

तो बदल ह्या मर्जमध्ये कोंबू नका. मर्जनं दोन बाजू जोडाव्यात, तिसरंच काही आत आणू नये. नाहीतर पुढे कुणी हुडकत आलं, तर हे सत्तर ना ह्या बाजूला सापडतील, ना त्या बाजूला. त्यांची वेगळी कमिट करा, मर्जनंतर.

आता त्या ओळींकडे या.

पहिले सात कोन पुसा.

पंचेचाळीसची ओळ पुसा.

उभ्या रेघा. तीस. बरोबरची चिन्हं.

साठ राहू द्या.

शेवटचे सात कोन.

ओळ एकच उरली. बघा, किती साधी दिसते. नव्यानं येणाऱ्याला वाटेल, ती पहिल्यापासून अशीच होती.

पण पंचेचाळीस गेले नाहीत. मर्जच्या कमिटमध्ये पालक म्हणून दोन नावं लिहिली जातात, प्रत्येक चाळीस अक्षरांचं. पहिलं तुमच्या कमिटचं, दुसरं तिकडच्या. आणि मर्जचं स्वतःचं चाळीस अक्षरी नाव त्या दोन नावांसकट सगळ्या मजकुरावरून काढलेलं असतं. मागचं एक अक्षर बदललं, तरी पुढची सगळी नावं बदलतील. साठच्या नावात पंचेचाळीस असतात. तीसही असतात. मागे चालत जाणाऱ्या कुणालाही ते भेटतील.

चाचणी चालवा. मोठा अहवाल मागवून बघा.

तुटला. पन्नासाव्या सेकंदाला. अपेक्षितच होतं.

मर्ज पुरा करा. गिट संदेश स्वतःच भरून देतं, कोणती ब्रांच कोणत्या ब्रांचमध्ये मिसळली ते. तो तसाच पुढे ढकलू नका. त्याच्याखाली दोन ओळी लिहा. साठ का ठेवले. पंचावन्न कुठून आले. तुमच्या जुन्या संदेशात राहिलेलं ‘का’ इथे लिहा. जागा भरपूर आहे, पैसे पडत नाहीत.

मग दारावरच्या सर्व्हरचे पन्नास, त्यांचे सत्तर करा. वेगळी कमिट. तिच्यातही ‘का’.

पुन्हा चाचणी. अहवाल मागवा. बघत बसा.

दहा सेकंद. वीस. तीस.

पंचेचाळीस.

पंचावन्नाला थोडं कमी असताना अहवाल आला.

आता पुश करा, म्हणजे सगळ्यांसाठी पाठवा.

नाकारलं.

तुम्ही इथे बसला होतात तेवढ्यात आणखी कुणीतरी काहीतरी पाठवलं आहे. ते आधी आणा, मिसळा, मग पाठवा, असं गिट म्हणतं आहे.

खांदे सैल सोडा. फेच करा. मर्ज करा.

ह्या वेळी खूण नाही. सगळं आपोआप मिसळलं. बदल एका भलत्याच फाइलीत आहे, तुमच्या ओळीपासून लांब.

चाचणी तरीही चालवा.